वकिलाची फी: बोलणी तोंडी, भांडण लेखी



व्याख्यानमालेत संतांवर बोलतात, राज्यघटनेवर बोलतात, शेतीमालाच्या भावावर बोलतात. वकिलाच्या फीवर कोणी बोलत नाही. वकील बोलत नाहीत, कारण पैशाचा विषय काढायला संकोच वाटतो. पक्षकार बोलत नाहीत, कारण आपली केस वकिलाच्याच हातात आहे. आणि दोघेही बोलत नाहीत म्हणून शेवटी दोघेही भांडतात. आयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा मी हाच निवडला. मी स्वतः वकील आहे. आज सभागृहात पुढच्या रांगांत काळे कोट दिसताहेत, मागच्या रांगांत धोतर-टोप्या आणि लुगडी. दोन्ही पक्ष हजर आहेत. कोर्टात असा योग क्वचित येतो!

हा विषय मौदा तालुक्यातच का? कन्हानच्या काठचा हा धानाचा मुलूख. इथं २३२० मेगावॅटचं औष्णिक विद्युत केंद्र उभं राहिलं. नागपूर-भंडारा महामार्ग आपल्या दारावरून जातो आणि दर काही वर्षांनी रुंद होतो. जमीन जाते, मोबदला येतो, मोबदला कमी वाटतो आणि माणूस वकिलाकडे जातो. महामार्ग आहे म्हणून अपघात आहेत, अपघात आहेत म्हणून नुकसानभरपाईचे दावे आहेत. धुऱ्याची आणि वाटणीची भांडणं तर पिढीजात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याच्या बांधीतून रस्ता गेला, त्यानं काय करावं? त्याला ती पायरी चढावीच लागते. मग चढताना खिशाचं काय होणार, हे त्याला कोणी सांगायचं?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. फीची बहुतेक भांडणं लबाडीतून होत नाहीत, ती अर्धवट राहिलेल्या बोलण्यातून होतात. वकीलपत्रावर सही होते त्याच दिवशी फीचाही कागद झाला, तर यातली निम्मी भांडणं उद्भवणारच नाहीत. उरलेल्या निम्म्यांत खरं काय आणि खोटं काय, हे तरी ठरवता येईल.

पहिला मुद्दा. भांडण सुरू कुठं होतं?

एका कास्तकाराची वही माझ्यापुढे आली होती. शाळेची दोनशे पानी वही, मागच्या पानापासून लिहिलेली. ‘वकील साहेब ५०००.’ खाली ‘पेशी ५००.’ त्याखाली ‘पेशी ५००, साहेब आले नाही.’ ‘तिकीट व टायपिंग ७५०.’ ‘नक्कल ३००.’ ‘गाडीभाडं, चहापाणी.’ पानामागून पानं. त्याच्या हिशेबानं हा सगळा पैसा वकिलाला दिलेला. आणि वकिलाच्या डायरीत? फी म्हणून जमा फक्त पहिले पाच हजार, बाकी फी येणे. आता सांगा, यातला लबाड कोण? कोणीच नाही. पण दोघांच्या मनात दुसरा लबाड.

घोळ इथं आहे. वकिलाची फी एक. कोर्टफीचं तिकीट दुसरं, ते सरकारजमा होतं. टायपिंग, झेरॉक्स, नकला, समन्सचा खर्च हे तिसरं. आणि पेशीला उभं राहण्याचे पैसे चौथे. ते ठरलेल्या फीच्या आत की फीच्या वर, हे कोणी विचारलेलं नसतं आणि कोणी सांगितलेलंही नसतं. चार नद्या एकाच पात्रात सोडायच्या आणि मग पाणी कोणाचं यावर भांडायचं, असा हा प्रकार.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम याबाबत अगदी स्पष्ट आहेत. पक्षकाराकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब वकिलानं ठेवला पाहिजे. कोणती रक्कम फीपोटी आणि कोणती खर्चापोटी, हे वेगवेगळं दाखवलं पाहिजे. पक्षकारानं मागितली तर हिशेबाची प्रत दिली पाहिजे. वकिलानं केस मध्येच सोडली, तर न कमावलेली फी परत केली पाहिजे. आणि सोडायचीच असेल, तर पुरेसं कारण हवं आणि वेळेवर नोटीस हवी. हे उपकार नाहीत, हे नियम आहेत. माझ्या वकील मित्रांना विचारतो, आपल्यापैकी किती जण पावती देतात? हात वर करू नका, नाहीतर वृत्तपत्रवाले मोजतील.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. निकालात ‘दावा खर्चासह मंजूर’ असं येतं आणि पक्षकाराला वाटतं, वकिलाला दिलेले सगळे पैसे आता समोरच्याकडून वसूल होणार. तसं होत नाही. तो खर्च कोर्टाच्या नियमांप्रमाणे काढतात आणि प्रत्यक्षात दिलेल्या फीपुढे तो बहुधा फार थोडा असतो. आपल्या वकिलाची फी आपल्यालाच द्यायची असते.

दुसरा मुद्दा टक्केवारीचा. मौद्यात यावर बोललो नाही, तर बोललोच कशाला?

वाढीव मोबदल्याच्या केसमध्ये बोलणी कशी होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘आता काही देऊ नका. पैसे निघाले की वीस टक्के.’ ऐकायला किती सोयीचं! कास्तकाराच्या खिशात आज काही नाही, वकीलही आज काही मागत नाही. अपघाताच्या दाव्यातही तेच. पण हा सौदा नियमानं बंद आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं बार कौन्सिलचा नियम सांगतो.

हा नियम कशासाठी? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाचं प्रकरण आलं. निकालात त्याचं नाव नाही, नुसतं ‘जी’ हे अक्षर आहे. पक्षकाराला जे मिळेल त्यातला निम्मा वाटा त्यानं ठरवून घेतला होता. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. व्हिव्हियन बोस म्हणजे आपल्या नागपूरचे, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले.  त्यांनी फार नेमका भेद केला. वकील नसलेल्या कोणी असा करार केला असता, तर तो आपल्या देशात बेकायदा ठरला नसता. इंग्लंडचे जुने कडक नियम इथं जसेच्या तसे लागू नाहीत. दोष करारात नाही, करार करणाऱ्याच्या अंगावरच्या कोटात आहे. वकील हा न्यायालयाचा अधिकारी. त्यानं वाटा घेतला की तो स्वतःच पक्षकार होतो. मग साक्षीदाराला काय शिकवायचं, तडजोड करायची की ताणायची, हे तो कोणाच्या हिताकडं पाहून ठरवणार?

आता २०१७ मध्ये या. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा १९९८ मध्ये रस्ते अपघातात गेला. वर्षानुवर्षं दावा चालला, भरपाई मिळाली. वकिलाला दहा लाख रुपये दिले, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आणखी तीन लाखांचा चेक वकिलानं घेतला. तो वटला नाही आणि वकिलानं आपल्याच पक्षकार बाईंवर चेक बाउन्सची फौजदारी केस लावली! सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी ती केस रद्द केली. भरपाईच्या टक्केवारीवर आधारलेली फी बेकायदा आणि चेक दिला म्हणून ते कायदेशीर देणं होत नाही, असं त्यांनी ठरवलं. वकिलांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा हवा, याकडेही सरकारचं लक्ष वेधलं.

म्हणजे टक्केवारी ठरवली तर काय होतं पाहा. वकिलाला ती कोर्टातून वसूल करता येत नाही, उलट त्याची सनद अडचणीत येते. आणि पक्षकार? तो कोरा चेक देतो, बँकेच्या विड्रॉल स्लिपवर सही देतो, पासबुक देऊन बसतो. कायद्यात ज्याला जागा नाही, ते हातात ठेवण्यासाठी असली साधनं लागतात. मायबाप हो, कोऱ्या चेकवर सही करू नका. कितीही विश्वास असो, करू नका. भरपाईची रक्कम थेट हक्कदाराच्या खात्यात जावी, निरक्षर किंवा लहान वारसांची रक्कम मुदत ठेवीत राहावी, असं न्यायालयांनी सांगून ठेवलं, त्यामागे हेच कारण आहे.

पण थांबा. मागच्या रांगेतला कास्तकार मनात विचारतो आहे, ‘साहेब, टक्केवारी बंद, मान्य. पण आज माह्याजवळ पैसाच नाही, तर लढू कशानं?’ प्रश्न खरा आहे. अमेरिकेत वाट्यावरची फी चालते, इंग्लंडनंही १९९० च्या कायद्यानं जिंकल्यावरच्या फीला काही प्रमाणात दार उघडलं. आपल्याकडे तसं करावं, असं म्हणणारी वजनदार माणसं आहेत. माझं मत तसं नाही. जिथं पक्षकार शिकलेला आहे, दोन वकिलांकडे भाव विचारू शकतो, तिथं वाट्याचा सौदा बरोबरीचा होऊ शकेल. जिथं तो आयुष्यात पहिल्यांदाच कोर्ट पाहतो, तिथं होत नाही.

मग मार्ग काय? एक, ठराविक रक्कम ठरवा आणि ती हप्त्यानं किंवा उशिरा द्या. ‘निकाल काहीही लागो, अमुक रक्कम निकालानंतर देईन’ हा करार चालतो. ‘पैसे मिळाले तर त्यातले इतके टक्के देईन’ हा चालत नाही. फरक बारीक वाटतो, पण पहिल्यात वकील हा वकीलच राहतो. दोन, विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानं तालुक्यापर्यंत समित्या आल्या. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, तुरुंगातले बंदी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. टक्केवारी बंद ठेवायची आणि ही समितीही झोपलेली ठेवायची, तर तो गरिबावर दुहेरी अन्याय होईल. म्हणून बंदीचं समर्थन करणाऱ्या प्रत्येक वकिलानं, माझ्यासकट, वर्षाला काही केसेस या समितीच्या घेतल्या पाहिजेत.

आणि तीन, हे नीट ऐका. जुन्या भूसंपादन कायद्यात कलम २८-अ होतं, २०१३ च्या कायद्यात तेच कलम ७३ झालं. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टानं वाढीव मोबदला दिला आणि तुम्ही कोर्टात गेलाच नव्हता, तर निकालापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तुम्हालाही वाढ मागता येते. साधा अर्ज! या अर्जासाठी कोणी टक्केवारी मागत असेल, तर ती कशाबद्दल, हे विचारायला नको? मुदत मात्र पाळा. आणि जमीन महामार्ग कायद्याखाली गेली असेल, तर वाट वेगळी, तिथं आधी लवादाकडे जावं लागतं. कोणत्या कायद्यानं जमीन गेली, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

तिसरा मुद्दा फाईलचा.

फीवरून वाजलं की फाईल अडते. ‘बाकी द्या, मग कागद न्या.’ सातबारा अडकला, मूळ खरेदीखत अडकलं, नकला अडकल्या आणि पेशी आठ दिवसांवर. याचा निकाल २००० सालीच लागला आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेनं आपला विधी सल्लागार बदलला आणि फाईल परत मागितल्या. वकिलानं ९७,१०० रुपयांचं बिल लावलं आणि आधी पैसे म्हणाला. बार कौन्सिलनं त्याची वकिली अठरा महिने बंद केली, हजार रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा ताकिदीवर आणली, पण तत्त्व पक्कं केलं. थकलेल्या फीसाठी पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, तसं करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. बाकी असेल तर वकिलानं दावा लावावा, तो हक्क त्याला आहे. पण ज्या कागदांवर दुसऱ्याचा न्याय अवलंबून आहे, ते गहाण ठेवता येत नाहीत.

मग ‘ना हरकत’चं काय? नवा वकील म्हणतो, जुन्याची सही आणा. जुना म्हणतो, बाकी आणा. माणूस दोन टेबलांमध्ये चेंडूसारखा. जुन्या वकिलाची संमती घ्यावी हा शिष्टाचार बरोबर आहे, नियमातही आहे. पण त्याच नियमाचा उत्तरार्ध कोणी वाचत नाही. संमती मिळत नसेल, तर कारण सांगून कोर्टाकडे अर्ज करायचा आणि कोर्टाच्या परवानगीनं नवा वकील उभा राहू शकतो. आपला वकील बदलणं हा पक्षकाराचा हक्क आहे.

चौथा मुद्दा. आता मागच्या रांगांनी ऐकायचं आहे.

वकिलाला सरकार पगार देत नाही. त्याला जाहिरात करायला बंदी आहे, दरपत्रक दारावर लावता येत नाही. दाव्याची फी एकदा घेतली जाते आणि दावा पंधरा-पंधरा वर्षं चालतो. पक्षकार पहिल्या वर्षी रोज फोन करतो, पाचव्या वर्षी फोन उचलत नाही, आणि निकाल बाजूनं लागला की म्हणतो, ‘वकिलानं काय केलं? आपली बाजूच खरी होती!’ निकाल विरोधात गेला की मात्र, ‘वकिलानं केस घालवली!’ गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण वैद्याइतकीच वकिलालाही लागू आहे. १९२६ च्या कायद्यानं वकिलाला फीसाठी दावा लावता येतो, तीन वर्षांच्या मुदतीत. पण स्वतःच्या पक्षकारावर दावा लावणाऱ्याकडे उद्या येणार कोण? म्हणून तो गिळतो. आणि गिळलेली फी दुसऱ्या पक्षकाराच्या पेशीतून वसूल करू पाहतो.

वकिलाच्या घरीही चूल असते, हे मोठ्या माणसांनी जाणलं होतं. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानं असहकाराचा ठराव पक्का केला, वकिलांनी वकिली सोडावी असं ठरलं. तेव्हा वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी एक लाख रुपये दिले. त्यागाची हाक दिली, पण पोटाची सोयही पाहिली. आणि फीतून काय उभं राहू शकतं? सर हरिसिंग गौर यांनी वकिलीत कमावलेल्या पैशातून १९४६ साली सागरचं विद्यापीठ उभारलं. ते त्याआधी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. फी हा शब्द उच्चारताना मान खाली घालायचं कारण नाही. फी ठरवताना मात्र मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ठरवावी.

पाचवा मुद्दा. दाद कुठं मागायची?

पूर्वी काही जण ग्राहक मंचात जात. दिल्लीत एका माणसानं चेक बाउन्सच्या केससाठी वकील केला. चेक वीस हजारांचा. आरोपीनं तडजोडीत वीस हजार आणि खर्चाचे पाच हजार द्यायचं कबूल केलं. वकिलानं त्यापोटी मिळालेले धनादेश पक्षकाराला न देता फीचे पाच हजार रोख मागितले आणि त्यासाठी दावाही लावला. भांडण पाच हजारांचं! ते राष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं. २००७ मध्ये आयोग म्हणाला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, आणि १४ मे २०२४ ला निकाल लागला, की येत नाही. पक्षकार वकिलाला नेमतो आणि त्याच्यावर पक्षकाराचंच नियंत्रण असतं, म्हणून हे नातं वेगळं आहे, असं न्यायालय म्हणालं. पाच हजारांच्या फीवरून देशभरच्या वकिलांचा प्रश्न सुटायला इतकी वर्षं गेली. सुरुवातीला एक कागद झाला असता तर?

म्हणजे आज दोन दारं उरली. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. तिथं शिक्षा होते, ताकीद, निलंबन, सनद रद्द. पण बार कौन्सिलला तक्रार करणं म्हणजे वसुलीचा दावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. पैशासाठी दिवाणी न्यायालय. आणि दोन्ही दारांवर पहिला प्रश्न एकच, ‘काय ठरलं होतं? कागद आहे?’

या सगळ्याआधीचा एक मार्ग मात्र दोघांच्या हातात असतो. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी गेले. वादी-प्रतिवादी नातेवाईक, दोघेही मोठे व्यापारी. गांधीजींनी पाहिलं की वकिलांचा खर्च दोघांनाही खाऊन टाकील. त्यांनी लवादानं वाद मिटवला आणि हरलेल्या बाजूला हप्त्यानं रक्कम फेडायची सवलतही मिळवून दिली. आज आपल्याकडे लोकअदालत आहे. तिथं मिटलं तर भरलेली कोर्टफी परत मिळते आणि त्यावर अपील नाही. पण इथंही फीचं कोडं आहेच. दावा दुसऱ्या वर्षी लोकअदालतीत मिटला, तर वकिलाला ठरलेली पूर्ण फी की अर्धी? अर्धी म्हटलं, तर वकील मिटवायला का सांगेल? म्हणून हेसुद्धा आधीच लिहा. माझ्या मते पूर्ण फी द्यावी. लवकर मिटवून देणारा वकील जास्त कामाचा असतो.

आता सारांश सांगतो, लिहून घ्यायचं असेल त्यांनी घ्या.

वकीलपत्राबरोबर एक पानी कागद करा, मराठीत. त्यात कोणत्या कोर्टातली कोणती केस आणि कुठपर्यंत, ते लिहा. अपील त्यात आहे की नाही, तेही. एकूण फी किती, हप्ते केव्हा. पेशीचे पैसे फीच्या आत की बाहेर. कोर्टफी, नकला, टायपिंग हा खर्च वेगळा आणि त्याची पावती. केस मिटली, वकील बदलला किंवा वकिलानं सोडली, तर काय. मूळ कागद कोणाकडे, नकला कोणाकडे. टक्केवारी नाही, कोरा चेक नाही. दोघांच्या सह्या, एक प्रत प्रत्येकाकडे. शिवाय आपल्या केसचा सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा ओळखक्रमांक, मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख घरातल्या शिकलेल्या पोराला पाहायला लावा. म्हणजे कोणत्या पेशीला काय झालं, हे फोन न करता कळेल.

वकील मित्रांना शेवटची विनंती. हा कागद पक्षकार मागेल याची वाट पाहू नका. तो मागणार नाही, त्याला भीड वाटते. तुम्ही पुढे करा. मौदा तालुक्यातल्या वकिलांनी मिळून असा एक साधा नमुना छापावा, ग्रामपंचायतींत लावावा आणि कोणीही न्यावा. कायदा येईल तेव्हा येईल, नमुना छापायला त्याची गरज नाही. पक्षकाराच्या मनातला संशय गेला तर त्याचा सर्वांत मोठा फायदा प्रामाणिक वकिलालाच आहे, कारण आज लबाडाच्या आणि त्याच्या फीत लोकांना फरक दिसत नाही.

आयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. तेव्हा आता तुम्ही विचारा. पैशाचं विचारायला लाजू नका, त्यासाठीच तर आलो आहे.